जिलानीची भूकंपघंटा

लातुरात भूकंप पुन्हा आलाच, तर सगळ्यात आधी आपल्याला कळणार, असं जिलानी रेडिओवाल्यानं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. किल्लारीचा हादरा बसून वर्ष होत आलं, तरी त्याची बायको आबेदा छपराखाली थांबायला तयार नव्हती. स्वयंपाकसुद्धा अंगणात. तिला घरात आणायचं म्हणून त्यानं भूकंपाची घंटा बनवली.

तारेला शिशाचा गोळा टांगलेला. तो हलला की सर्किट बोर्डाला कळायचं आणि घंटा ठणाणायची. बोर्डही घरचाच. हाताशी होता तेवढ्याच तुकड्यात बसवायचा म्हणून तांब्याच्या रेघा त्यानं किल्लारीच्या जीपमध्ये माणसं कोंबावीत तशा खेटून काढल्या.

आबेदानं धीर करून स्टोव्ह आत आणला. पहिली भाकरी तव्यावर पडते न पडते तोच घंटा वाजली. ती परात घेऊन बाहेर धावली. बारावीच्या क्लाससाठी भोकरहून येऊन माडीवर राहणारी आरती पुस्तकासकट जिना उतरली. शेजारचा सटवाजी न्हावी गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून पळाला. भूकंप मात्र आलाच नव्हता. संध्याकाळी पुन्हा तीच पळापळ.

तिसऱ्या वेळी जिलानीच्या लक्षात आलं. घंटेवरची धूळ कौतुकानं पुसायला तो जवळ गेला की ती वाजायची. हात मागे घेतला की गप्प. खेटलेल्या रेघांमध्ये वीज साठवणारा, न जोडलेला कपॅसिटर आपोआप तयार झाला होता. माणूस जवळ आला की त्यात साठणारी वीज वाढायची आणि बोर्डाला वाटायचं, गोळा हलला. जिलानीनं खालमानेनं हे बायकोला सांगितलं.

"म्हंजे ते भूकंपाला न्हाई, तुम्हाला भिऊन राहिलंय," आबेदा म्हणाली आणि वर्षात पहिल्यांदा पोट धरून हसली. स्टोव्ह मग आतच राहिला.

जिलानीनं मोठा बोर्ड घेतला, रेघा लांब लांब काढल्या. घंटा शहाण्यासारखी गप्प बसली.

अन् एका दुपारी हलकासा धक्का खरंच आला. मांडणीवरची भांडी किणकिणली, घंटा खणखणीत वाजली. गल्लीत कुणी जागचं हललं नाही. सटवाजीचा वस्तरा चालूच राहिला.

"चाचा, हात काढा ना, अभ्यास करून राहिले मी," आरती माडीवरून ओरडली.

"अहो, व्हा की जरा बाजूला," आबेदानं भाकरी थापता थापता आतून सांगितलं.

घंटेजवळ जिलानी नव्हताच. तो केव्हाच अनवाणी पळत रस्त्याच्या मधोमध येऊन उभा होता.