एकोणपन्नास टक्के हमीदभाई

ऑगस्ट महिन्यात दुबईत ओव्हरकोट घालून जेवायला बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी अख्खा उन्हाळा पाहिला. बाहेर टॅक्सीच्या दाराला हात लावला तरी चटका बसतोय, आणि आमच्या ऑफिसच्या छोट्या मीटिंग रूममध्ये हमीदभाई एसी सोळावर ठेवून, घोट्यापर्यंत येणारा काळा लोकरी कोट घालून डब्यातला सुक्या बोंबलाचा रस्सा नि भात खातायत.

"हमीदभाई, आजारी पडाल!"

"ताई, आधी दार लावा. गरमी आत येते."

"अहो, पण हे चाललंय काय?"

"सवय करतोय. युरोपची."

आमचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये. लोकांना इथे कंपन्या काढून देणं हा आमचा धंदा. मी हिशेब बघते. हमीदभाई आमचे पीआरओ, म्हणजे लायसन, व्हिसा, मेडिकल नि शिक्के यांच्यासाठी दिवसभर सरकारी काउंटर पालथे घालणारा माणूस. मूळचे मुरुडच्या बाजूचे. मिसरूड फुटलं तेव्हा इथे आले, आता दाढी पांढरी झाली. अंगात हाफ शर्ट, कानात अत्तराचा फाया आणि वरच्या खिशात नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोपोरांचे पासपोर्ट साइज फोटो.

आमची निम्मी गिऱ्हाइकं युरोपातली. तिथला टॅक्स नको, तिथली थंडी नको, म्हणून इकडे कंपनी काढायला येतात. आणि हमीदभाईंना कंपनी काढायची होती पोर्तुगालात! पोर्तो नावाचं समुद्राकाठचं शहर त्यांनी नक्की केलं होतं. धंदा कोकमाचा. आमसुलं, आगळ, सरबत.

"सगळं जग तिकडून इकडे येतंय, आणि तुमची ही उलटी गंगा?" मी म्हटलं.

"तेच तर, ताई. तिकडे जाणारी गाडी रिकामी. बसायला जागा मिळते."

आता या माणसाशी वाद काय घालायचा? पोर्तुगालच का, याचंही उत्तर तयार होतं. ते लोक सुकी मासळी खातात. "सुकी मासळी खाणारा माणूस परका कसा असेल?" शिवाय चावी, पाव, साबण, बटाटा हे सगळे शब्द त्यांचेच, म्हणजे निम्मी भाषा हमीदभाईंना आईच्या पोटातूनच येत होती. उरलेल्या निम्म्यातला 'ओब्रिगादो', म्हणजे आभारी आहे, एवढा एक शब्द ते शिकले होते. तो ते वॉचमनपासून आमच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना वाटत सुटले. मॅनेजरला वाटलं, कोकणीत काही तरी शिवी असेल.

कोट कुठला, म्हणाल तर त्यातही अक्कल होती. युरोपातून माणूस दुबईला राहायला आला की पहिली गोष्ट टाकतो ती कोट. हमीदभाई बरोबर तिथे उभे. हा काळा एका डेन्मार्कच्या गिऱ्हाइकाचा, म्हणून तर घोट्याला लागायचा. दुसरा त्या गिऱ्हाइकाच्या बायकोचा, मरून रंगाचा, तो आमच्या रेकॉर्ड रूममध्ये प्लास्टिक घालून टांगलेला. मला वाटलं, विकणार असतील.

पण हमीदभाईंची खरी ओळख म्हणजे एक प्रश्न. "कफील कोण?"

कफील म्हणजे तुमच्या वतीने उभा राहणारा इथला माणूस. परक्याला इथे यायचं तर कफील हवा, आणि दुकान टाकायचं तर पूर्वी एक्कावन्न टक्के त्या इथल्या माणसाच्या नावावर. एकोणपन्नास तुमचे. आता बहुतेक धंद्यांना तो नियम राहिला नाही, पण हमीदभाईंच्या हाडात तो मुरलेला. मी गाडी घेतली, तर "कफील कोण?" ऑफिसातल्या एका पोरीचं लग्न ठरलं, तर अभिनंदनाआधी "कफील कोण?" माझ्या मुलीने शाळेच्या नाटकात भाग घेतला म्हणून सांगितलं, तर तिलाही तेच. ती म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ प्ले!" हमीदभाईंनी मान हलवली. "हां, पण पडली तर उचलणार कोण?"

स्वतःच्या कफीलला ते 'अरबाब' म्हणायचे, म्हणजे मालक. अरबाब हो म्हणाले की हो, नको म्हणाले की खलास.

आणखी एक खोड सांगते. ऑफिसात कुणाचीही फॅमिली पहिल्यांदा यायची असली की व्हिसा काढून देऊन यांचं समाधान व्हायचं नाही. स्वतः विमानतळावर जायचे, मीना बाजारातून गजरा घेऊन! एकदा आमच्या फिलिपिनो सहकाऱ्याची बायको आली. तिला गजरा काय माहीत? बिचारीने तो घड्याळासारखा मनगटाला बांधला. हमीदभाई एवढे खूश, की जणू त्यांचीच कुणी आली होती.

मी एकदा विचारलं, "तुमच्या घरचे कधी आले होते इकडे?"

"नाही ना. आधी फॅमिली आणायच्या नियमात पगार बसत नव्हता. पगार बसला तेव्हा अम्माने अंथरूण धरलं. मग पोरांच्या शाळा, मग पोरींची लग्नं. माझ्या रुकय्याचा पासपोर्ट आहे हां! मुदत संपली की नवा करतो. एकदम कोरा." एवढं बोलून ते डब्याचं झाकण लावायला लागले. वर्षातून एक महिना सुट्टी, एवढाच काय तो त्यांचा संसार. बाकी सगळा व्हॉइस मेसेजवर. संध्याकाळी ऑफिसखालच्या तळ्याभोवती चकरा मारताना फोन तोंडापुढे आडवा धरून बोलताना दिसायचे. काय बोलायचे, मी कधी ऐकलं नाही. आपल्याला कशाला हव्यात चौकशा? हव्या मात्र खूप असायच्या, हे कबूल करते.

तर या वर्षाअखेर हमीदभाईंना ऑफिस निरोप देणार होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला. मग गावी जाऊन ओटीवर बसायचं, नाही तर पोर्तो. कंपनी नीट उभी राहिली तर तिथे राहायची परवानगी मिळू शकत होती आणि बायकोलाही नेता येणार होतं. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायका आणल्या, त्याला एकदा तरी स्वतःची कुठे तरी न्यायची होती. सगळा खटाटोप त्यासाठी. आणि रुकय्याभाभींचं उत्तर काय? "आता कशाला?" एवढंच. पुढच्या प्रत्येक मेसेजला तेच, हे हमीदभाईंनीच सांगितलं.

तरी हमीदभाईंनी पोर्तोतली एक वकीलबाई गाठली. इंग्रजी जड जातं म्हणून व्हिडिओ कॉलला मला शेजारी बसवलं, त्या सोळा डिग्रीत! मी शाल घेऊन बसले. बाई गोड होत्या. त्यांनी सगळं समजावलं, टॅक्स नंबर, भांडवल, पत्ता. शेवटी म्हणाल्या, काही शंका?

"कफील कोण?" हमीदभाई.

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, तसं कुणी लागत नाही. कंपनी शंभर टक्के तुमची.

हमीदभाईंनी टेबलाखालून माझी शाल ओढली. "ताई, बाई फसवतेय."

"अहो, कायदाच आहे तसा तिथला!"

"असा मुलूखच नाही दुनियेत. परक्याला शंभर कोण देतो?"

त्यांनी थेट त्या वकीलबाईंनाच एक्कावन्न टक्के देऊ केले. बाई घाबरल्याच! त्यांना वाटलं, काही तरी काळाबाजार आहे. मला त्यांची समजूत घालता घालता घाम फुटला, तोही त्या थंडीत. मग हमीदभाईंनी एक्कावन्न मला देऊ केले. मी म्हटलं, माझा नवरा चक्कर येऊन पडेल.

आठवडाभर स्वारी घुश्शात. कोट घालायचा बंद, जेवण कमी. शेवटी माझं डोकं फिरलं. "अहो, पोर्तुगीज आपल्या कोकणात आले, किल्ले बांधले. त्यांना कोण होता हो कफील?"

"म्हणूनच तर टिकले नाहीत," हमीदभाई शांतपणे म्हणाले. घ्या! हात टेकले मी.

दोन दिवसांनी स्वतःच माझ्या टेबलापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, शंभर टक्के म्हटल्यापासून झोप लागत नाही. ज्याच्या जिवावर माणूस परमुलखात उभा राहतो ना, त्याचे एक्कावन्न. हा हिसाब बरोबर आहे. मी इकडे उभा होतो तो कुणाच्या जिवावर? अरबाब कागदावर होते. अम्माचं दुखणं कुणी काढलं? पोरांना कुणी वाढवलं? घर कुणी धरलं? बाईंना सांगा, एक्कावन्न रुकय्याचे."

मी लगेच बाईंना मेल टाकला.

आता अडचण अशी, की बाईंना दोन्ही भागीदार पासपोर्टसकट समोर दिसायला हवे होते आणि दोघांनी आपल्या तोंडाने राजी आहोत असं सांगायला हवं होतं. म्हणजे 'आता कशाला' म्हणणाऱ्या रुकय्याभाभींनी हो म्हणायला हवं, नाही तर सगळंच बोंबललं. हमीदभाईंनी फक्त एवढाच मेसेज पाठवला, 'उद्या दुपारी पासपोर्ट घेऊन बस, काम आहे.'

दुसऱ्या दिवशी पडद्याच्या एका चौकटीत वकीलबाई, एकीत आम्ही, हमीदभाई पुन्हा त्या काळ्या कोटात, आणि तिसरीत बराच वेळ नुसतं छप्पर. मग कुणी तरी फोन सरळ केला. डोक्यावर ओढणी, नाकात चमकी, गोल हसरा चेहरा, आणि छातीशी पासपोर्ट धरलेला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य टाकलं.

"अगो बाय, हे काय घातलंय तुमी? अस्वलासारखे दिसताय!"

हमीदभाई नव्या नवऱ्यासारखे लाजले. वकीलबाईंनी विचारायला सुरुवात केली, मी इकडचं तिकडे करू लागले. कंपनी पोर्तुगालात निघतेय. तुमच्या नावावर एक्कावन्न टक्के होणार. तुम्ही स्वखुशीने राजी आहात का?

भाभींनी पासपोर्ट मांडीवर ठेवला.

"एक्कावन्न? माझे?" त्यांनी नवऱ्याला नाही, मला विचारलं.

"हो भाभी. तुमचे."

"म्हणजे यांच्यापेक्षा जास्ती?"

"हो."

"म्हणजे आमचं दोघांचं नाय पटलं, तर माझं चालणार?"

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक बाबतीत, हो.

"मग सांगा यांना," भाभी म्हणाल्या. "जन्मभर यांच्या मालकाने सांगितलं तवा आले, सांगितलं तवा गेले. आता मी सांगते. एकट्याने पुढं जायचं नाय. नोकरी संपली का आधी घरी यायचं. मी मुंबईला येते विमानतळावर घ्यायला. चार महिने घरचं जेवायचं, रोडावलेत किती! मग थंडी सरली का दोघं जाऊ. कबूल असेल तर मी राजी. नायतर कंपनी बंद."

मग हमीदभाई उठले आणि तरातरा बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. परत आले ते हातात तो मरून कोट घेऊन. वरचं प्लास्टिक फाडून त्यांनी तो दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला.

"बाह्या लांब आहेत जरा," ते म्हणाले.

"घेऊन या," भाभी म्हणाल्या. "मी दुमडून शिवते आत."

हमीदभाईंनी कोटाआडून मान बाहेर काढली. डोळे भरलेले, पण दाढीतून हसत होते.

"हां, अरबाब."

वकीलबाईंना काही कळेना. त्या मला विचारू लागल्या, काय म्हणाले ते? राजी आहेत ना दोघं? काही अडचण?

मी शालीने नाक पुसलं आणि त्यांना इंग्रजीत सांगितलं, की अडचण काही नाही, यांना कफील मिळाला.