जमनामावशीच्या डब्याचं अपहरण

अख्ख्या सेनगाव तालुक्यात गुप्तहेर एकच, आणि तो मी. उकंडराव, मुक्काम गोरेगाव. दुसरा कोणी असलाच, तर तो इतका गुप्त आहे की मलासुद्धा माहीत नाही. माझ्या आधीची लेकरं जगत नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. म्हणजे कचऱ्याचा बारीक अभ्यास मी पहिल्या दिवसापासून करतोय. तेव्हा उकिरडा म्हणजे शेण आणि राख. आज एखादं लेकरू तिथं ठेवून बघा, कॅरीबॅगांवरून घसरत थेट नालीत जाईल.

आजवरचं माझं काम बिनतोड आहे. नरसिंग हॉटेलवाल्याची हरवलेली शेळी मीच शोधली. ती आपल्या पायानं घरी आली हे खरं, पण वाटेत मी उभा होतो.

तर परवा शेजारची निलम, म्हणजे जमनामावशीची सून, तोंड पाडून माझ्याकडं आली.

"काका, आत्याबाईचा डबा गेला."

या पोरीनं लग्न होऊन आल्यावर घरातल्या कॅरीबॅगा बंद केल्या होत्या. दाराला कापडी पिशवी टांगली, दुधाला बरणी नेली, दही-फरसाण आणायला स्टीलचा डबा. डबा मावशीचा, झाकणावर 'जमनाबाईस भावाकडून' असं कोरलेला. मावशीला हे सगळं थेर वाटायचं, तरी सुनेखातर चालवून घेत होती. आता डबाच गेला म्हटल्यावर तिनं फर्मान काढलं होतं. उद्याच्या बाजारापर्यंत डबा आला तर ठीक, नाहीतर उद्यापासून कॅरीबॅगा पुन्हा सुरू.

"म्हणल्या, डब्यापरीस कॅरीबॅग बरी. हरवली तरी कोणी रडत न्हाई," निलम म्हणाली. "काका, ती हरवतच न्हाई, तीच तर तकलीफ हाय. नालीत दिसते, बांधावर दिसते, गाय मेली तर पोटात निघते. एवढं कसंतरी बसवलं व्हतं घरात, ते सारं जाऊन राहिलं. कोणाला सांगू नका पण. सून डबे हरवते, असं व्हईल गल्लीत."

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, पण गुप्तहेरानं रडायचं नसतं. बायकोला, चांगुणालाही सांगणार नाही, असा मी शब्द दिला.

पहिला संशय भंगारवाल्यावर. त्याच्या गाड्यात मी कोपरापर्यंत हात घातला. डबा नव्हता, आमची बादली होती. चांगुणानं विकलेली. ते प्रकरण मी तिथंच दाबून टाकलं.

मग नरसिंग. त्याच्याकडं सबळ कारण होतं. पावशेर फरसाण कॅरीबॅगमध्ये फुगून दिसतं, डब्यात तळाशी जाऊन बसतं. माणूस डब्याचा वैरी होणारच. मी त्याच्यासमोर बसून नुसता रोखून बघत राहिलो.

"उकंडराव," तो झारा थांबवून म्हणाला, "डबा घेऊन येणाराला मी दोन भजे जास्त देतो. माझी पिशवी वाचते. तुमी काहून रिकाम्या हातानं आले?"

इतका सरळ माणूस गुन्हेगार असू शकत नाही. भजी मात्र मी तपासून घेतली.

आता उरली खुद्द जमनामावशी. कॅरीबॅगा परत आणायच्या म्हणून बाईनं स्वतःचाच डबा पळवला असणार. इतका खोल विचार अख्ख्या मराठवाड्यात कोणी केला नसेल. संध्याकाळी मी मागच्या दारानं शिरलो आणि तिच्या ज्वारीच्या कोठीत डोकं घातलं.

"काय शोधून राहिला रे उकंड्या?" मागून आवाज आला.

"सोंडे बघून राहिलो, मावशी. ज्वारीला लागलेत का म्हणून."

"लागलेत का?"

"व्हय."

खरंच लागले होते. मला अख्खी ज्वारी चाळून द्यावी लागली, डबा काही मिळाला नाही.

बाजाराचा दिवस उजाडला. मी हरलो होतो. चहा पिता पिता शब्द मोडला आणि चांगुणाला सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, "गुन्हेगार डबा घेऊन हिंगोलीला पसार झाला."

चांगुणानं फळीवरून एक डबा काढून माझ्यापुढं आदळला. झाकणावर 'जमनाबाईस भावाकडून'.

"मला ताप आल्ता तवा मावशीनं यात धपाटे पाठवले. खाल्ले कोणी?"

मीच खाल्ले होते.

"मग परत काहून न्हाई दिला?"

"रिकामा देऊ? त्या माउलीचा डबा रिकामा परत करू? दोन लाडू करून घालावं म्हणलं. शेंगदाणे भाजून ठेवलेत. काल सकाळपासून घसा फोडून राहिले, गूळ आणा, गूळ आणा. तुमी तपासावर."

मी हिशोब लावला. तपास चालू होता म्हणून गूळ नव्हता. गूळ नव्हता म्हणून लाडू नव्हते, लाडू नव्हते म्हणून डबा जात नव्हता, आणि डबा जात नव्हता म्हणून तपास चालू होता. गुन्ह्याचा सूत्रधार पायात चप्पल न घालताच किराणा दुकानाकडं पळाला.

दुकानदारानं सवयीनं कॅरीबॅग फुंकून उघडली. मला निलमचं तोंड आठवलं. गूळ मी दस्तीत, म्हणजे हातरुमालात, बांधला आणि उन्हात घराकडं धावलो. गल्लीतल्या माश्यांनी शेवटपर्यंत साथ दिली.

लाडू वळून आम्ही पोचलो तेव्हा मावशी उंबऱ्यात उभी होती. गादीखालून काढलेल्या जुन्या कॅरीबॅगांची घडी तिच्या हातात, आणि मागं निलम, मान खाली घालून.

"मावशी, धपाटे लई मऊ झाल्ते," चांगुणानं डबा पुढं केला. "द्यायला जरा येळ झाला."

मावशीनं डबा बघितला, झाकण बघितलं, मग बराच वेळ आढ्याकडं बघितलं. "म्याच दिल्ता की गं," ती पुटपुटली. निलमनं हसू पदरात दाबलं.

"रहस्य उलगडलं, मावशी," मी पुढं झालो. "तपशील गोपनीय आहे."

मावशीनं लाडू तोडून तोंडात टाकला. माझ्या चिकट हातांकडं बघितलं, दस्तीकडं बघितलं, दस्तीवरच्या माश्यांकडं बघितलं. मग कॅरीबॅगांची घडी माझ्या बगलेत कोंबली.

"जा, भंगारात दे. निलम, कापडी पिशवी काढ अन् चल बाजारात, डबा पण घे. अन् उकंड्या, पुन्यांदा हा डबा हरवला तर तपास करू नको. गूळ आन."