किल्ली खांबावर

कंपनीवाले हो, तुम्ही घरोघर इंटरनेट देत नाही. तुम्ही घराला कुलूप लावता आणि किल्ली खिशात घालून चालते होता! खोटं वाटतंय? मग तात्यांच्या घरी त्या दिवशी काय झालं ते ऐका.

तात्या म्हणजे निवृत्त भांडारपाल. एकतीस वर्षं कारखान्याचं भांडार सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. सून बाळंतपणापासून दोन वर्षं घरी. त्या दिवशी अकराला लॅपटॉपवर तिची मुलाखत होती, प्रयोगशाळेतल्या नोकरीची. साडेनऊला तिने एकदा चालवून पाहिलं, तर चित्र अडखळायला लागलं.

"चालेल एवढ्यावर, बाबा. हात नका लावू."

"अगं, पुस्तिका आहे ना! छापील! दोन मिनिटांचं काम!"

छापील म्हटलं की तात्यांना ती देवाची आज्ञा. तुमच्या पुस्तिकेतली पहिलीच ओळ: ‘कोणताही बदल करण्यापूर्वी मोडेम रीसेट करावा.’ कोण हो हा महापंडित? उद्या डॉक्टरला सांगाल, तपासण्यापूर्वी रोग्याचा गळा दाबावा! तात्यांनी शिवणाची सुई मागच्या भोकात खुपसली. दहा सेकंद लिहिलं होतं, काम पक्कं व्हावं म्हणून वीस मोजले. सगळे दिवे गेले, आणि मोडेममध्ये साठवलेलं सगळं पुसलं गेलं. मग एकच लाल लागला, तो डोळे वटारून बसला.

लॅपटॉपवर मोडेमचं पान उघडलं. जोडणी कोणती: बदलती, स्थिर की पासवर्डवाली?

"स्थिर!" तात्या म्हणाले. "बदलतं काही मला घरात नको."

लगेच आकडे मागणारे चार रकाने आले. तात्यांनी घरनंबर टाकला. चूक! तिसरा पर्याय निवडला, तर नाव आणि पासवर्ड हवा. तात्यांनी स्वतःचं नाव टाकलं. चूक. नावाआधी ‘श्री’ लावलं. तरी चूक! एवढा मान देऊनही!

तोवर साडेदहा वाजले; सून घड्याळाकडे बघायला लागली. ते बघणं तात्यांना शिवीपेक्षा जास्त लागलं. त्यांच्या फोनवर बोलणाऱ्याचा आवाज मुंगीएवढा यायचा, म्हणून त्यांनी सुनेचा मोबाइल उचलला आणि मदत केंद्राला लावला. अठरा मिनिटं सनई ऐकल्यावर बाई आल्या.

"पासवर्ड देते, सर. आधी नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी गेलाय, तो सांगा."

"इकडे काही आलं नाही."

"नंबरच्या शेवटी त्रेचाळीस आहे, सर."

त्रेचाळीस! तात्यांनी भिंतीकडे पाहिलं. मोडेमच्या वर जोडणीवाल्याने पेन्सिलीने आपला नंबर लिहून ठेवला होता. शेवटी त्रेचाळीस! आणि खिडकीबाहेर पाहतात तर वळणावरच्या खांबाला शिडी लावून तोच गडी वर. रोज एकाच्या घरचं नेट नीट करायला येतो आणि दुसऱ्याचं घालवून जातो! तात्या फोन कानाला लावून तसेच जिना उतरले. घरात पोर एकटं, म्हणून सून जिन्यावरूनच ओरडत होती, "बाबा! बाबा, अहो फोन!" त्यांना वाटलं, ती धीर देतेय.

"अहो! तुमच्या फोनवर आकडे आलेत, वाचा!"

"काका, दोन्ही हातांत वायर आहे!"

"मग तोंडात धरा!"

"फोन?"

"वायर हो!"

त्याने वाचेपर्यंत बाई म्हणाल्या, "मुदत संपली, सर. नवीन पाठवते." दुसऱ्यांदा फोन त्याच्या शर्टाच्या बटणात अडकला. तिसऱ्यांदा तो वरून ओरडला, तात्या खालून ओरडले, समोरच्या शिंप्याने दुकानातून सहाही आकडे पुन्हा म्हणून दाखवले. असा तुमचा गुप्त आकडा!

"माझ्या फॉर्मवर तुमचा नंबर कसा?" तात्यांनी मान वर करून विचारलं.

"सगळ्यांच्याच फॉर्मवर आहे, काका. गिऱ्हाइकाला विचारत बसलं तर दिवसाला चार जोडण्या होतात. साहेब म्हणतात बारा करा, रकाना रिकामा नको. पण एवढी घाई कशाची?"

"सुनेची मुलाखत आहे, अकराला! लॅपटॉपवर!"

"मग तुमच्या हातातल्या फोनवर नेट आहे की! त्याच्यावरच लॅपटॉप चालतो. आमच्या कंपनीत मीटिंग तशीच चालते!"

तात्यांनी फोन कानापासून काढला आणि पाहिला. अकरा वाजून बावीस मिनिटं. पडद्यावर प्रयोगशाळेचा निरोप येऊन पडलेला: ‘उमेदवार उपस्थित राहिल्या नाहीत. दुसऱ्या उमेदवाराची निवड करण्यात आली आहे.’ फोनमधून बाई अजून सांगत होत्या, "मोठा के, सर, छोटा एम, मग शून्य..."

घरी सुनेने निरोप दोनदा वाचला. लॅपटॉप मिटला. "जेवायला वाढू का?" एवढंच म्हणाली.

तात्यांनी सुई शिवणाच्या डब्यात परत ठेवली.

तर साहेब, बोला. दोन वर्षांनी चालून आलेली तिची नोकरी कुणी घालवली? म्हाताऱ्याच्या सुईने? ते पाप तात्यांनी पदरात घेतलंय. पण बारा जोडण्यांच्या हव्यासापायी ज्यांनी घरोघरच्या किल्ल्या एका माणसाच्या शर्टात कोंबल्या, ते आपल्या वाटचं पदरात कधी घेणार? आम्हाला उत्तर हवं. सहीशिक्क्यानिशी हवं. आणि कागदावर लिहून टपालाने पाठवा, कारण बाईंनी सांगितलेला पासवर्डही चुकीचाच निघाला!