माझा थोडा खाली घ्या

"ड्रम ऐकूच येत नाहीयेत," नवरा म्हणाला.

ड्रम स्टुडिओखालच्या जिन्यातसुद्धा ऐकू येत होते. पण ते त्याने स्वतः वाजवले होते, आणि वाजवणाऱ्याला आपलं वाद्य कधीच पुरेसं ऐकू येत नाही. त्याची बायको, म्हणजे गायिका, शेजारच्या खुर्चीत बसली होती. सोळा वर्षं ती दुसऱ्या गायकांच्या मागे, तिघींच्या रांगेत उभी राहून 'आऽऽ' आणि 'ऊऽऽ' करत आली होती. आता एक्केचाळिसाव्या वर्षी तिचा एकटीचा पहिला अल्बम होत होता. आठ गाणी, त्यांत रॉक, फंक आणि सोल या पाश्चात्त्य ढंगांची मनसोक्त सरमिसळ.

लोकांना ती सांगायची, की कलाकाराला स्वतःचं काहीतरी हवं असतं. खरं कारण तिचे बाबा होते. ते तिच्या प्रत्येक कार्यक्रमाला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, पहिल्या रांगेत बसायचे आणि परतताना न चुकता विचारायचे, "छान झालं गं. त्यात तुझा आवाज कुठला?" ती सांगायची, "डावीकडून दुसरा." ते मान हलवायचे, कळलेलं काही नसायचं. आता त्यांचा एक कान पार गेला होता आणि दुसरा जायच्या बेतात होता. तो जायच्या आत एकदा तरी त्यांना हा प्रश्न पडू नये, एवढंच तिला हवं होतं.

"हे बघ," ध्वनिमुद्रण करणारे काका म्हणाले. सगळ्यांचं वाजवून-गाऊन झालं होतं आणि काका आता ते आवाज एकमेकांत बसवत होते. त्यांच्यासमोर प्रत्येक आवाजाचं एक सरकतं बटण होतं. "ड्रम वर घेतले तर दुसरं काहीतरी खाली घ्यावं लागेल. नाहीतर आवाज फाटतो आणि हा लाल दिवा लागतो. बोल, काय खाली घेऊ?"

गायिकेने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या अल्बमपायी चार महिने घरचा स्वयंपाक त्याने केला होता.

"माझा थोडा खाली घ्या," ती म्हणाली. "चालेल."

दुसऱ्या दिवशी दीर आला. बेस गिटार त्याची होती. "वहिनी, मी बोलणार नव्हतो," असं म्हणून तो वीस मिनिटं बोलला. "फंक म्हणजे काय? बेस! बेस नसेल तर ते फंक कसलं, भजन मंडळ झालं!"

"मग लाल दिवा," काकांनी आठवण केली.

दिराला वाईट वाटलेलं तिला कधीच बघवत नसे. आवाज आणखी थोडा खाली गेला.

ही बातमी मावसभावाला लागली. तो गिटार वाजवायचा आणि लहानपणापासून रुसायचा. "बेस वर, ड्रम वर, आणि माझी गिटार बाहेरच्या खोलीत! ताई, रॉक कशाने होतं? तू सांग, कशाने होतं?" हे त्याने इतक्या कळवळून विचारलं, की काकांनी न विचारताच तिचं बटण खाली ओढलं.

शेवटी बाई आल्या. त्यांनी तिला पहिला सूर लावायला शिकवला होता आणि अल्बममध्ये त्यांनी ऑर्गन वाजवला होता. "सोल काय तो ऑर्गनमध्ये असतो, बाळ," त्या म्हणाल्या. "पण असू दे. माझं काय, मी आता किती दिवसांची!" हे त्या गेली अकरा वर्षं म्हणत होत्या. तरीही गायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ऑर्गन वर गेला.

"मी एक सांगू?" काका म्हणाले. "तुला शब्द पाठ आहेत. पाठ असलेलं गाणं माणसाला बंद रेडिओवरसुद्धा ऐकू येतं. ज्याने ही गाणी कधीच ऐकली नाहीत, असं कुणीतरी एकदा घेऊन ये."

तिला बाबा आठवले. पण बाबांना तर चकित करायचं होतं! तिने नवरा, दीर, मावसभाऊ आणि बाईंनाच पुन्हा ऐकायला बसवलं. चौघांनाही शब्द तोंडपाठ होते. "एकदम स्पष्ट!" चौघेही म्हणाले, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तीन आठवड्यांनी सीडींचं खोकं घरी आलं. मुखपृष्ठावर ती, मागे ती, आतल्या घडीतही ती. त्याच दुपारी ती आणि नवरा बाबांकडे गेले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, कानातल्या यंत्रात नवा सेल टाकला आणि चांगला कान स्पीकरकडे करून ते बसले.

पहिलं गाणं सुरू झालं. नवऱ्याचा पाय ताल धरू लागला. गायिका मात्र बाबांच्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होती, आणि तसं ऐकताना शब्द पाठ असून उपयोग होईना. ड्रम होते, बेस होता, गिटार होती, ऑर्गन तर पुरासारखा होता. या सगळ्यांच्या मागून, बहुधा डावीकडून दुसरं, कुणीतरी 'आऽऽ' करत होतं.

आठही गाणी बाबांनी न हलता ऐकली. शेवटची वाद्यं थांबली. तिने सीडी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात स्पीकरमधून काका बोलले, "आणखी एकदा गाऊन बघायचं का?" आणि त्यावर लख्ख, समोर बसल्यासारखा एक आवाज आला, "नको काका, सगळे दमलेत. चालेल असंच." ध्वनिमुद्रणाच्या दिवशीचं हे बोलणं कापायचं राहून गेलं होतं. तिथे कुणाचं वाद्य नव्हतं, त्यामुळे तिथे कुणाची तक्रारही नव्हती.

बाबा ताठ बसले. "हा! हा तुझा!" ते ओरडले. "पुन्हा लाव."

तिने तेवढंच तीनदा लावलं. तिसऱ्यांदा बाबांचे डोळे भरून आले.

"किती स्वच्छ आवाज आहे गं तुझा," ते म्हणाले. "मग एखादं गाणं तूच म्हणायचं होतंस ना!"

नवरा आपल्या पायमोज्यांकडे बघू लागला. सीडी तीनशे होत्या आणि प्रत्येकीत ती इतकीच होती. कुणावर चिडावं, तर 'चालेल' तीच म्हणत आली होती.

तिने खुर्ची उचलून बाबांच्या चांगल्या कानाजवळ ठेवली आणि पहिलं गाणं म्हणायला सुरुवात केली. चार ओळी झाल्या नसतील, तोच नवऱ्याची बोटं खोक्याच्या झाकणावर ड्रम वाजवू लागली.

"थांबव ते," ती म्हणाली.

तो लगेच थांबला. रागावला नाही, रुसला नाही, उलट "सॉरी" म्हणून हात मांडीखाली घेऊन बसला. हे इतकं सोपं होतं, याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

"तू का थांबलीस?" बाबा म्हणाले. "म्हण की. ऐकू येतंय."