मदतीचं चित्र

घराचं एक चित्र पाहून विष्णूआप्पा इतके भडकले, की समोर आलेला चहा त्यांनी परत पाठवला.

"ह्याला धुराडं हाय! हितं कुणाच्या घराला असतंय धुराडं? भवानीनगरचा माणूस कारखाना समजून दाबंल की!"

आप्पा पूर्वी भवानीनगरला, साखर कारखान्याच्या गावी, फ्लेक्स करायचे. आता आमच्या बारामतीच्या ऑफिसात चित्रांचं काम बघतात. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायचं ॲप आम्ही बनवतो. त्याच्या माहितीपानांवर कडेला विषयांची यादी असते. मजकूर मी लिहिते, प्रत्येक विषयापुढचं छोटं चित्र आप्पा निवडतात. ही चित्रं मुक्त परवान्याची. कुणीही घ्यावीत, हवी तशी बदलावीत.

आमच्या साहेबांच्या भाषेत 'फुकटची'.

"फुकटच्यात निवडायचं काय एवढं? शेतकऱ्याला काहीही चालतं."

हे ऐकलं की माझं डोकं उठतं. कुणीतरी आपली मेहनत सगळ्यांसाठी मोकळी ठेवतो आणि आपण ती शेतकऱ्याच्या तोंडावर फेकायची? या साहेबांना स्वतःला मोबाइलचं कव्हर निवडायला अख्खी दुपार लागली होती!

आप्पांचा निकाल एकाच शब्दात लागतो: "परकं!" शोधाचं भिंग कसंबसं पास झालं. 'मदत' मात्र अडून बसली. प्रश्नचिन्ह? "पोलिसांनी बोलावल्यागत वाटतंय." बुडणाऱ्याला फेकतात ते कडं? "मेदूवडा हाय. परकं!" हेडफोन लावलेली बाई? "कर्ज घ्या म्हणून फोन करती, तीच ही!"

शेवटी त्यांनी बाकावर बसलेल्या एकट्या माणसाचं चित्र घेतलं आणि रेषा ओढून त्याच्या शेजारी आणखी एक माणूस बसवला.

"मदत म्हंजी शेजारी कोणतरी बसल्यालं. दुसरं काय असतंय?"

साहेब आले, वाकून बघितलं. "आप्पा, मोबाइलवर गिचमिड होणार. एक माणूस पुसा."

मी भांडायला उभीच राहिले. आता आप्पाही टेबलावर हात आपटणार, असं वाटलं. त्यांनी नुसता चष्मा काढला. मी चित्र मोठं करून पाहिलं. दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर पदराची बारीक रेघ होती. आप्पांच्या बायकोला, आमच्या काकूंना, जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. कन्हेरी गावातल्या घरात आप्पा एकटेच असतात.

"पुसा," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "फकस्त कुणाला पुसायचं, ते मला इचारू नका."

साहेबांचा हात माऊसकडे गेला. मी वायरीसकट माऊस उपसून घेतला.