प्रतीक्षा यादीतला साखरपुडा

"बाबा, तुमाले येवढंच पाह्यजे ना, की कितीक माणूस येईन?"

"येवढंच. दुसरं कायी नाई पाह्यजे," किसनराव म्हणाले. "गफ्फार आचारी दोनदा येऊन इचारून गेला, वरणासंग कणकेच्या बट्ट्या किती माणसायच्या टाकायच्या म्हून. कमी पडल्या तं प्रेरणाच्या सासरचे जनमभर बोलतीन, अन् उरल्या तं तुही माय बोलन."

भागवत हसला, आणि तिथेच फसला. त्या वेळी "जमत नाही" म्हणून त्याने गुपचूप चहा पिऊन घेतला असता, तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण मोबाईलची अ‍ॅप्स बनवणाऱ्या माणसाला "जमत नाही" हे दोन शब्द कोणी शिकवलेलेच नसतात.

भागवत उंद्रीहून रोज खामगावला एका लहानशा कंपनीत जायचा. गेल्या वर्षी फावल्या वेळात त्याने गावासाठी 'उंद्री आवतन' नावाचं एक अ‍ॅप केलं होतं. त्यात एकच बटण होतं. ते दाबलं की अमक्याकडे बारसं, तमक्याकडे तेरवी, असं आवतन घरोघरच्या मोबाईलवर जाऊन पडायचं. बिनतक्रार चालायचं बिचारं. आता त्यात उत्तराची सोय घालायची होती, म्हणजे कोण येणार, कोण नाही, ते आपोआप मोजलं जाईल. ती सोय स्वतः लिहायला बसलं तर पंधरा दिवस गेले असते, आणि बहिणीचा साखरपुडा येत्या रविवारी होता. तेव्हा भागवतने त्याच्या धंद्यातले सगळे करतात तेच केलं. त्याने एक तयार लायब्ररी उचलली.

"म्हंजे काय रे?" गीताबाईंनी कणीक मळता मळता विचारलं.

"दुसऱ्या कोणी करून ठेवलेलं काम असते माय. ते आणाचं अन् आपल्या अ‍ॅपात बसवाचं. जसा बजारातून तयार मसाला आणते लोक."

"मी नाई आणत," गीताबाई म्हणाल्या. "त्यात काय काय घातलं रायते, कोणाले मालूम."

भागवतने ते ऐकलं आणि सोडून दिलं. आईचं बोलणं आपण सगळेच असं सोडून देतो, आणि मग निस्तरत बसतो.

ती लायब्ररी दूर कुठल्या तरी देशातल्या माणसाने मोठमोठ्या मेजवान्यांसाठी लिहिलेली होती. तिला तीन बटणं होती. भागवतने त्यांची नावं मराठीत लिहिली: 'येणार', 'येणार नाही' आणि 'कदाचित'. तिचे बाकीचे संदेश इंग्रजीत होते, म्हणून आपोआप भाषांतर करणारी दुसरी लायब्ररी घातली. दुसरी म्हणाली, मला तिसरी पाहिजे. का पाहिजे ते भागवतला काही उमगलं नाही, पण तिसरी घातल्याबरोबर पडद्यावर हिरवी खूण आली, आणि हिरवी खूण आल्यावर त्याच्या धंद्यात कोणी जास्त चौकशी करत नाही. त्याने स्वतःच्या मोबाईलवर 'येणार' दाबून पाहिलं. 'आपले सहर्ष स्वागत आहे' असं उत्तर आलं. झालं तर मग, असं म्हणून त्याने आवतन सोडलं. गावात सोडलं, भावकीत सोडलं, आणि कौतुकाने हिवरा आश्रमला व्याह्यांकडेही सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात किसनरावांचा फोन आला.

"किती येऊन राह्यले रे?"

भागवतने आकडे उघडले. 'येणार नाही' वर कोणीच नव्हतं. 'कदाचित' वर दोनशेच्या वर माणसं होती. 'येणार' वर एक.

"बाबा, फक्त मीच येऊन राह्यलो."

"तू तं घरचाच हायेस ना रे," किसनराव काळजीने म्हणाले. "बाकीच्यायचं काय?"

भागवत गोंधळला. खरं तर यात गोंधळण्यासारखं काय होतं? जन्म उंद्रीत गेला त्याचा. आपल्याकडे जेवणाचं आवतन आलं की भला माणूस कधी "हो, येतो" म्हणतो का? तसं म्हटलं तर चार दिवसांचा उपाशी वाटतो. आणि शुभकार्याला "नाही" म्हणण्याइतकं तोंड कोणाचंच वाईट नसतं. माणूस म्हणतो, "पाहू, जमलं तं येऊ," आणि सगळं खटलं घेऊन पंगतीच्या अर्धा तास आधी हजर होतो. हे कळायला लायब्ररी लागत नाही. पण भागवत तीन बटणांच्या नादात ते साफ विसरला होता, आणि लायब्ररी लिहिणाऱ्याच्या तर ते बापजन्मी कानावर गेलेलं नव्हतं. त्याच्या हिशेबी 'कदाचित' म्हणणारा माणूस बाहेर थांबवायचा असतो, दुसऱ्या कोणाची खुर्ची रिकामी होईपर्यंत.

संध्याकाळी तो घरी पोहोचला, तर अंगणात जानराव उभे. जानराव म्हणजे भावकीतले वडीलधारे, किसनरावांचे चुलतभाऊ. त्यांनी मोबाईल किसनरावांच्या नाकासमोर धरला होता.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."

किसनरावांनी वाचलं: "'आपल्या अनिश्चिततेबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आपण प्रतीक्षा यादीत सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर आहात. महत्त्वाचे पाहुणे न आल्यास आपला विचार केला जाईल.'"

"किसना, तुया बापाले मी खांदा देल्ला. अन् मी महत्त्वाचा नाई?"

"तसं नाई काका," भागवत मध्ये पडला. "ते मशीन पाठवते. माणूस नाई पाठवत."

"मंग शेषरावले बारावा नंबर काऊन? त्याच्यासंग आपला बांधाचा वाद चालू हाये, अन् तो बारावा?"

"ज्यानं बटण पैले दाबलं, त्याचा नंबर पैले लागला."

"म्हंजे जेवाचं नाव घेतलं अन् शेषराव पैले धावला. ते तं मले मालूमच हाये. पण म्हून त्याले बारावा द्याचा?"

जानरावांनी भागवतच्या देखत चष्मा लावला, 'येणार नाही' शोधलं, ते जोरात दाबलं आणि तरातरा निघून गेले. ते वेशीपर्यंत पोहोचले नसतील, तोच सत्त्याऐंशीच्या मागच्या प्रत्येक मोबाईलवर नवा संदेश वाजला: 'आनंदवार्ता. जानराव यांनी माघार घेतल्यामुळे आपण एक पायरी वर सरकला आहात.'

आता काय विचारता. जानराव फुगले हे एका मिनिटात अर्ध्या गावाला कळलं. ज्यांना कळलं ते त्यांच्या बाजूने चिडले आणि त्यांनीही माघारीचं बटण दाबलं. त्यांच्या मागचे आणखी वर सरकले. त्यांना आनंदवार्ता गेल्या. तेवढ्यात शेषरावांचा फोन आला, की सगळ्यांना आनंदवार्ता येऊन राहिल्या, मलाच का नाही. त्यांच्या पुढच्या अकरा जणांपैकी कोणी रुसलं नव्हतं, हे त्यांना समजावता समजावता भागवतचा घसा बसला.

"हे बंद कर," किसनराव एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला की घरातली मांजरसुद्धा चूल सोडून जायची.

भागवतने लॅपटॉप उघडला आणि लायब्ररी काढून टाकली. त्याच्या लॅपटॉपवर अ‍ॅप उघडायचंच बंद झालं, आणि गावातल्या मोबाईलवर संदेश मात्र चालूच राहिले. त्याने ऑफिसातल्या अल्तमशला फोन लावला.

"अल्तमश, ते काढलं तं अ‍ॅपच उठून नाई राह्यलं बे."

"कोणती काढली?"

"पैली."

"दुसरी पैलीवर टेकलेली असन."

"मंग दुसरी बी काढतो."

"तिसरी दोघींवर टेकलेली असन. असं कर, तुही सगळी अवजारं एकदम नवी करून घे. मंग सगळं सुतासारखं सरळ येते."

भागवतने अ‍ॅप बनवायची सगळी अवजारं नवी केली. आता पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. जुन्या कोडला नवी अवजारं ओळखीना, नव्या अवजारांना जुना कोड चालेना, आणि तिसरी लायब्ररी, जी कशाला घेतली हेच त्याला कधी कळलं नव्हतं, ती आता चौथी मागायला लागली.

"एक इचारू का?" अल्तमश फोनवर म्हणाला. "घालाच्या आधी तिची माहिती वाचली होती का तू?"

"तू वाचतं का?"

"नाई."

शेवटी भागवतने, सगळे संदेश जिथून सुटत होते ती सेवाच मुळापासून बंद केली. उत्तरं येणं बंद, जाणं बंद. मोबाईलवर आधीच उतरलेल्या अ‍ॅपमधली बटणं तेवढी उरली, पण ती दाबून काही कुठे पोहोचणार नव्हतं. गावात एकदम शांत झालं. भागवतला वाटलं, सुटलो.

हिवरा आश्रमचं तो विसरला होता.

शनिवारी सकाळी अंगणात मंडप घालणं चालू होतं. गफ्फारभाई पातेली उतरवत होते. जानरावांसकट भावकीतले पंधरावीस जण, येणार नाही असं सांगायला, जातीने आलेले होते आणि चहाची वाट पाहत बसले होते. एवढ्यात जीप थांबली. आधी अर्जुनराव उतरले, प्रेरणाचे होणारे सासरे. त्यांच्या मागे गणेश, होणारा नवरा. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो जमिनीकडे पाहत होता.

"किसनराव," अर्जुनराव बसायलाही तयार नव्हते. "आमचा पोरगा एकशे त्रेचाळीसावा हाये म्हन्ते."

"कशात?" किसनरावांनी विचारलं, पण विचारतानाच त्यांचं तोंड उतरलं.

"सोताच्या साखरपुड्यात. महत्त्वाचे पाव्हणे नाई आले तं त्याचा इचार होईन म्हन्ते. त्याच्या आधी एकशे बेचाळीस पोरं पाहून ठेवले का तुमी?"

प्रेरणाला हे स्थळ मनापासून आवडलं होतं. बघायला आलेल्या पाचसहा जणांना तिने चहा दिला होता, पण मुलगा निघून गेल्यावर तो बसला होता ती खुर्ची दोनदा पुसली, ती फक्त या वेळी. आणि आता आपल्या तीन फुकटच्या लायब्रऱ्यांपायी बहिणीचं जमलेलं लग्न मोडतं, असं त्याला स्पष्ट दिसायला लागलं. त्याला खरंच रडू आलं. त्याने खुलासा करायला तोंड उघडलं, "मामा, ते असं हाये, की दुसरी पैलीवर टेकलेली होती," आणि अर्जुनरावांच्या चेहऱ्याकडे पाहून तो तिथेच थांबला.

"मामाजी, मी एक इचारू का?"

प्रेरणा दारात उभी होती. हातात चहाचा ट्रे होता, पण तिने तो कोणापुढे केला नाही.

"इचार ना बाई," अर्जुनराव म्हणाले. सुनेवर ओरडायचं की नाही हे अजून ठरलेलं नसल्यासारखा त्यांचा आवाज होता.

"'येणार' दाबणाऱ्याले नंबर आला नाई. भाऊनं दाबलं, त्याले स्वागत आलं. नंबर आला तो 'कदाचित' दाबणाऱ्याले." ती गणेशकडे न पाहता म्हणाली, "मंग यायनं सोताच्या साखरपुड्याले कदाचित काऊन दाबलं?"

जानराव मांडवाचा कपडा निरखू लागले. हा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या ध्यानात आलं होतं.

"हाव रे," अर्जुनराव वळले. "काऊन दाबलं?"

"बाबा, तुमीच तं म्हणले."

"मी?"

"तुमी म्हणले, पोरीवाल्यायले एकदम हो म्हनू नाई. भाव उतरते."

अर्जुनराव मघाशी जी खुर्ची नको म्हणत होते, तिच्यावर न सांगता बसले.

"त्या दिवशी पोहे खाऊन तुमी हो म्हणले होते," प्रेरणा म्हणाली, आणि आता मात्र तिने सरळ गणेशकडे पाहिलं. "ते खरं का हे खरं? येवढं सांगा, मंग चहा देते."

"ते खरं," गणेश म्हणाला. पहिल्यांदा त्याने मान वर केली. "मले राह्यवलंच नाई म्हणून ते लगेच म्हणलं होतं. हे बाबायनं सांगतलं म्हून दाबलं." त्याने खिशातून मोबाईल काढला, अ‍ॅप उघडलं, हात लांब करून सगळ्यांना दिसेल असा धरला आणि अंगठ्याने 'येणार' दाबलं.

पडद्यावर एक गोल चाक फिरायला लागलं. दोन्ही घरं, भावकी आणि गफ्फारभाई त्या चाकाकडे पाहत राहिले. ते फिरतच राहिलं.

"गेलं का?" गणेशने भागवतला विचारलं.

तीन दिवस भागवतला कशाचाच पत्ता लागत नव्हता, पण ही एक गोष्ट त्याला शंभर टक्के ठाऊक होती. सेवा त्याने स्वतः बंद केली होती. हे चाक आता मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत फिरणार होतं. त्याने वाकून नीट पाहिल्यासारखं केलं.

"पोचलं," तो म्हणाला.

प्रेरणाने पहिला कप गणेशला दिला. अर्जुनरावांनी घसा खाकरला, स्वतःचा मोबाईल काढला आणि भागवतपुढे धरला. "माझंबी पाह्य जरा. दाबलं मी."

"पोचलं मामा."

मग जानराव उठले. त्यांच्या मागे भावकी उठली. एकेक जण यायचा, सगळ्यांदेखत अंगठा टेकवून मोठ्याने "येतो" म्हणायचा, आणि भागवत फिरत्या चाकाकडे पाहून "पोचलं" म्हणायचा. शेषरावांना बातमी लागली, तेही धावत आले आणि मुकाट्याने जानरावांच्या मागे उभे राहिले. गफ्फारभाई बाजूला पालथ्या पातेल्यावर बसून बट्ट्यांसाठी एकेक माणूस तोंडाने मोजत होते.