हौसेचा पाइप

"विचारलं तर खरं सांगायचं. सरळ सांगितलं की काम सरळ होतं."

आप्पांचा हा आवाज फ्रेमवाल्याच्या कानात लहानपणीच शिरला आणि बाहेर यायची वाट विसरला. आप्पा तेव्हा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि घरातही त्याच पट्टीत बोलत. मुलगा पुढे तसबिरींना चौकटी करू लागला. त्याच्या चौकटीचे चारही कोन सरळ असत, आणि त्याचं बोलणंही.

आता आप्पांच्या डोळ्यांवर पडदा उतरत होता. डॉक्टर म्हणाले, हा उतरेल तेवढा उतरेल, परत वर जाणार नाही; काय पाहायचं ते पाहून घ्या. आप्पांनी समुद्र मागितला नाही, डोंगर मागितला नाही.

"बटाटा उडताना बघायचाय," ते म्हणाले. "लहानपणी एका पोरानं नळीतून उडवला होता. ओढ्यापलीकडे गेला, पाखरासारखा. तेवढं एकदा दाखव."

मुलानं मनावर घेतलं. हवेच्या जोरावर चालणारी छोटीशी तोफ घरच्या घरी करायची. त्यासाठी हवा होता प्लास्टिकचा पाइप, एक बूच आणि बटाटा. बटाटे घरात होते.

"कशासाठी?" पाइप खाली काढता काढता दुकानदारानं विचारलं.

"बटाट्याची तोफ करायचीय. हौस म्हणून."

दुकानदाराचा हात पाइपवरून चटका बसल्यासारखा उठला. "वापर सांगावा लागतो हो. पिण्याचं पाणी, शेती, वायरिंग, सांडपाणी. यातलं बोला."

"पण तोफ आहे."

"मी कुठं नाही म्हणतोय? नुसतं सांडपाणी म्हणा."

"सांडपाणी नाहीये."

मागं उभा असलेला माणूस कळवळला. "म्हणून टाका हो! मी कोंबड्यांना बसायला दांडी नेतोय, मीही सांडपाणीच म्हणणार आहे."

त्या गावात सांडपाण्यासाठी इतके पाइप खपले होते, की तेवढं पाणी सांडायचं तर गावानं सगळी कामं सोडून जन्मभर आंघोळच केली असती. पण कागदोपत्री गाव स्वच्छ होतं. फ्रेमवाला तेवढा आडवा आला. दुकानदारानं त्याला नलिका नियंत्रण कार्यालयाकडे धाडलं.

नलिका अधिकाऱ्यांनी अर्ज लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "हौस? हौस हा वापर होत नाही. ही हौस घरगुती की व्यापारी?"

"नुसतीच हौस आहे, साहेब."

"म्हणजे निरुपयोगी वापर. त्याला उपयुक्ततेचा दाखला जोडा. बरं, तोफेत घालणार काय?"

"बटाटा."

"म्हणजे दारूगोळा." अधिकाऱ्यांची लेखणी थबकली. "साठा कुठं आहे?"

"टोपलीत."

"कोणाच्या ताब्यात?"

फ्रेमवाल्यानं खरं ते सांगितलं. "बायकोच्या."

दुसऱ्याच दिवशी निरीक्षक स्वयंपाकघरात उभे. बायकोनं टोपली त्यांच्यापुढं आदळली. "घ्या! आणि याला कोंब आलाय. हेही शस्त्र का?"

"कोंब आलाय म्हणजे साठा वाढवण्याचा इरादा दिसतो," निरीक्षक गंभीरपणे म्हणाले. मग माणुसकी म्हणून त्यांनी तोडगा काढला: सोललेला बटाटा निःशस्त्र समजावा. बायको सोलत बसली. परंतु कायदा सर्वांना समान असल्यानं आणि बटाटा सर्वांच्या घरी असल्यानं आदेश अख्ख्या गल्लीला लागू झाला. दारोदार साली पडल्या, दारोदार शिव्या पडल्या.

शेजारीण सुरी घेऊनच आली. "भावजी, तुमच्या खरेपणापायी अख्खी गल्ली सोलतेय! ते बूच आणाल ना, ते आधी तोंडाला बसवा, मग पाइपाला!"

अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत होता, आणि आप्पांच्या घरातून उजेड सरकत होता. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं गेली. मग दारात उभं राहिलेलं माणूस गेलं. मग हातातली कपबशी गेली. आप्पा रोज विचारत, "झालं का रे काम?" आणि मुलगा रोज खरं सांगे, "नाही."

शेवटी मंजुरी आली. हौसेसाठी पाइप मंजूर. मात्र सुरक्षेच्या दृष्टीनं तो आतून पोकळ नसावा.

फ्रेमवाल्यानं तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि थेट दुकानात गेला.

"कशासाठी?"

"सांडपाणी."

"मग इतके दिवस कुठं होतात?" म्हणत दुकानदारानं पाइप त्याच्या खांद्यावर दिला.

ओढ्याकाठी आप्पांना खुर्चीवर बसवलं. बायकोनं पिशवीतून, निःशस्त्रीकरणातून लपवून वाचवलेला एकुलता एक सालीसकट बटाटा काढला. मुलानं हवा भरली, तोफ आभाळाकडे रोखली. आप्पांनीही मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत आभाळ होतं, पण त्यांना ते दिसत नव्हतं.

फुस्स.

बटाटा पाइपाच्या तोंडातून आळसावल्यासारखा बाहेर आला आणि आप्पांच्या चपलेपाशी पडला.

"गेला?" आप्पांनी विचारलं.

मुलानं ओढ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "गेला, आप्पा. पार पलीकडे. पाखरासारखा."

बायको नवऱ्याकडे बघतच राहिली.

आप्पा वाकले. त्यांनी जमीन चाचपली आणि बटाटा उचलून मांडीवर घेतला. "पाखरू फार लवकर परत आलं रे." बराच वेळ ते त्यावरून हात फिरवत राहिले. मग त्यांचा आवाज उतरला. असा, की ट्रम्पेटवाल्याचा वाटू नये.

"तो नळीवाला पोरगा मीच. आणि नळी मी गाण्याच्या मास्तरांकडून बासरीसाठी म्हणून आणली होती. पुढंही जन्मभर कुणी विचारलं की सांडपाणीच म्हणत आलो. खरं सांगायचं, हे तुला सांगितलं, कारण पोरांना सगळेच आईबाप तेच सांगतात. ते कुठं सांगायचं नसतं, हे पोरांना पुढं आपोआप कळतं. मला वाटलं, सगळ्यांच्या पोरांसारखं तुलाही कळलं असेल."